बाटली क्रमांक एकशे बारा

दर दोन तासांनी एक बाटली.
झऱ्याच्या तोंडाशी धरायची, बूच लावायचं,
चिठ्ठीवर वेळ लिहून पेटीत उभी करायची.
पेटीवर काळं फडकं,
कारण त्या रंगाला उजेड सोसत नाही,
असं इंजिनिअर फाब्यान म्हणाले होते.
बाटलीमागे पैसे मिळत. मी रात्रीही बसले.

हर्जेगोव्हिनाच्या या खडकाळ मुलखात
नदी समुद्रापर्यंत चालत जात नाही.
मैदानभर वळणं घेते
आणि शेवटी डोंगराच्या पायथ्याशी
एका भोकात शिरते, उशीर झालेल्या माणसासारखी.
त्या भोकाला आम्ही पोनोर म्हणतो.
पुढे तिचं काय होतं
हे विचारायची आमच्यात रीत नव्हती.

आमचं रान म्हणजे चुनखडीची चाळण.
पाऊस येतो, दगडाला चाटतो,
भेगेतून उतरतो.
मिठाचा खडा जिभेवर घोळवावा
तसा डोंगर आतून बारीक होत जातो,
वर मात्र तोच, शेळ्यांना पाठ देऊन बसलेला.
दारात विहीर कुणाच्याच नाही. छपराचं पाणी टाक्यात.
माती फक्त खळग्यांत:
कधीकाळी जमीन बसली, तिथे लाल गाळ जमला.
बाबांचा बटाट्याचा वाफा असाच, वाडग्याच्या तळाशी,
सतरा पावलं लांब, चौदा रुंद,
भोवती तीन पिढ्यांनी रचलेला गडगा.
“खचलं तिथेच पिकतं,” बाबा म्हणायचे,
आणि कुदळ घालण्याआधी
टाच आपटून ऐकायचे.

नकाशावर फाब्याननी बाण काढला होता,
पोनोरपासून मोठ्या उगमाकडे, सरळ.
तिथे चार माणसं, तंबू, कॉफीचा स्टोव्ह.
माझा झरा डोंगराच्या भलत्याच अंगाला,
नावापुरता.
“क्रस्तिन्या, तुझ्याकडे काही येणार नाही,” ते म्हणाले,
“पण नोंद हवी.”

दहाव्या दिवशी, भर दुपारी,
खालच्या अंगाला विदोसावा ओरडली.
तिच्या पांढऱ्या चादरी हिरव्या,
कोपरापर्यंत हात हिरवे,
गाईची दाढी हिरवी.
कोवळ्या गव्हाचा नव्हे, शेवाळाचाही नव्हे,
आतून पेटल्यासारखा हिरवा.
आधी आम्ही हसलो. खूप हसलो.
मग मी बाटली भरली. एकशे बारा.

तंबू हलला, माणसं आली, नवा बाण काढला,
डोंगरमाथ्याला न जुमानणारा.
वरचे उतार एक सांगत होते,
आतल्या वाटा दुसरंच.
फाब्याननी माझा हात हातात घेतला:
“आता कळलं, कुठे बूच मारायचं.”

बूच.
मला वाटलं होतं, नुसतं बघायचंय.

दोन उन्हाळ्यांत सिमेंट आलं, मग धरण.
वीज आली, खोटं कशाला बोलू,
विदोसावाकडे कपडे धुण्याचं यंत्र आलं.
झरा आधी सुतळीएवढा झाला,
मग ओला दगड, मग दगड.
लाखो वर्षं ज्यानं आत पोखरलं
तेच पाणी पोकळीत भरून राहून
छताला खांदाही देत होतं,
हे आम्हांला ते निघून गेल्यावर कळलं.

मार्चमधली रात्र. बुरा वारा.
आवाज मोठा नव्हता;
कुणीतरी धान्याचं पोतं टाकावं, एवढाच.
सकाळी गडगा अर्ध्यावर तुटलेला
आणि वाफ्याच्या जागी
वाफ्याएवढं काळं तोंड.
बाबा काठावर उभे राहिले, सवयीनं टाच उचलली,
आणि तशीच हळूच खाली ठेवली.

मला ते काहीच बोलले नाहीत.
एवढंच म्हणाले, “बियाणं वरच होतं, बरं झालं.”

पेटी नेताना एक बाटली मी ठेवून घेतली होती.
विचारलं तर सांगितलं, फुटली.
कौतुकानं खिडकीत ठेवली
आणि आठवड्याभरात पाणी पांढरं झालं,
कुठल्याही पाण्यासारखं.
चिठ्ठी अजून आहे: दुपारचे बारा, माझ्या अक्षरात.
परवा नातवानं विचारलं, यात काय आहे?
मी बूच काढून
ते पाणी त्या भोकाच्या काठावरून ओतलं
आणि दोघंही कान देऊन उभे राहिलो.